“तो घरीच होता” असं सांगू का?

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मॅडम, नमस्कार. माझा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा आहे, एका खासगी कंपनीत कामाला आहे. याआधी त्याच्यावर कधी साधी तक्रारही नव्हती. काही दिवसांपूर्वी रात्री नऊच्या सुमारास त्याच्या मित्राने रस्त्याने पायी जाणाऱ्या एका माणसाची बॅग आणि मोबाइल काढून घेतला. त्या माणसाने झटापट केली तेव्हा मित्राने चाकू चालवला आणि त्याच्या हाताला टाके पडले. मोटारसायकल माझा भाऊ चालवत होता. तिसरा एक मुलगा कोपऱ्यावर उभा होता, तो अजून सापडलेला नाही. मोबाइल मित्राकडे मिळाला. भावाकडे काही मिळालं नाही, पण वडिलांच्या नावावरची गाडी जप्त झाली. भाऊ मला भेटला तेव्हा रडत म्हणाला, “ताई, मला वाटलं तो पत्ता विचारायला उतरलाय.” चार दिवसांची पोलीस कोठडी झाली, आता तो जेलमध्ये आहे. ओळख परेड व्हायची आहे असं कळलं. मामा म्हणतात, सगळ्यांनी एकच सांगायचं, तो त्या रात्री घरीच होता. काका म्हणतात, फिर्यादीला गाठून पैसे देऊ आणि मिटवून टाकू. ओळखीचे एक जण म्हणतात, पहिलाच गुन्हा आहे, कबूल करून टाकलं की सोडून देतात. मित्राच्या घरच्यांनी वकील दिलाय, तोच दोघांचं बघेल म्हणतात. कागदावर कलम 309 आणि पुढे कंसात 6 असं लिहिलंय. कोणी दहा वर्षं सांगतं, कोणी जन्मठेप. आईला ब्लड प्रेशरचा त्रास आहे, तिला अर्धवटच सांगितलंय. मी काय करू?

— एक बहीण

ताई,

तुमच्या पत्रात चार जणांचे चार सल्ले आहेत आणि चारही तुमच्या भावाचं नुकसान करतील. ज्यांनी दिले त्यांच्या मनात वाईट नाही. घरातलं पोर आत असताना हातावर हात ठेवून बसणं कोणालाच जमत नाही. पण मामांचा सल्ला सगळ्यांत घातक आहे, म्हणून आधी तेच लिहिते.

भावाने तुम्हाला जे सांगितलं ते खरं असेल, तर तोच त्याचा बचाव आहे. गाडीवर तो होता, पण मित्र काय करायला उतरला हे त्याला ठाऊक नव्हतं. फौजदारी कायद्यात या गोष्टीला फार किंमत आहे. अनेकांनी मिळून गुन्हा केला असं म्हणायचं तर त्यांचा इरादा एक होता हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 3(5) मध्ये हीच गोष्ट आहे; जुन्या दंडसंहितेत ती कलम 34 मध्ये होती. नुसतं सोबत असणं पुरत नाही. आता सगळ्या घराने “तो घरीच होता” असं सांगितलं तर काय होईल, ते बघा. त्याच्या मोबाइलचं टॉवर लोकेशन घराबाहेरचं निघेल. रस्त्यावरच्या कुठल्या तरी कॅमेऱ्यात वडिलांच्या गाडीचा नंबर दिसेल. मित्राशी त्या संध्याकाळी झालेले कॉल समोर येतील. आपण घटनेच्या वेळी दुसरीकडे होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, आणि ते खोटं ठरलं तर न्यायालय ते त्याच्याविरुद्धच धरू शकतं. त्यानंतर “मी होतो, पण मला माहीत नव्हतं” म्हणायला त्याला तोंड उरत नाही. जो मुलगा जागेबद्दल खोटं बोलला, तो मनातल्या गोष्टीबद्दल खरं बोलतोय यावर कोण विश्वास ठेवेल? शिवाय न्यायालयात शपथेवर खोटी साक्ष देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आज एक जण आत आहे, उद्या मामाही अडचणीत येतील.

खोटे साक्षीदार उभे करून केस जिंकता येते असा समज कोर्टाच्या आवारात अगदी घट्ट रुजलेला आहे. मला त्याचा राग येतो, कारण त्याची किंमत सल्ला देणारा कधीच मोजत नाही.

आता त्या खऱ्या बचावाची कठीण बाजू. मित्र पत्ता विचारायला उतरलाय असं भावाला वाटलं, हे मान्य केलं. पण मित्र धावत आला, हातात दुसऱ्याची बॅग, मागे ओरडणारा माणूस, कदाचित कपड्यांवर रक्तही. त्यानंतर भावाने काय केलं? गाडी पळवली का? मित्राला कुठे सोडलं? वाटेत काय बोलणं झालं? बॅगेतलं काही त्याला मिळालं का? दुसऱ्या दिवशी त्याने कोणाला काही सांगितलं का? माल घेऊन निघतानाची जबरदस्तीही कायदा या गुन्ह्यातच मोजतो, त्यामुळे सरकारी वकील नेमका इथे बोट ठेवणार. घाबरून गाडी पळवणं वेगळं आणि ठरल्याप्रमाणे पळवणं वेगळं. दोन्हींतला फरक छोट्या छोट्या गोष्टींतून दिसतो: आदल्या दिवसाचे मेसेज, गाडी आधीपासून तोंड वळवून चालू ठेवली होती का, नंबरप्लेट झाकली होती का, कोपऱ्यावरच्या तिसऱ्या मुलाशी भावाची ओळख होती का. हे प्रश्न वकिलाने भावाला एकट्याने, शांतपणे विचारायला हवेत, आणि उत्तरं खरी यायला हवीत, मग ती सोयीची असोत वा नसोत.

तुम्ही मात्र ते विचारू नका. वकिलाला सांगितलेलं कायद्याने गुप्त राहतं, बहिणीला सांगितलेलं राहत नाही. उद्या तुम्हाला साक्षीला बोलावलं तर “भाऊ तुम्हाला काय म्हणाला” हा प्रश्न येऊ शकतो. त्याने तुम्हाला जे एक वाक्य सांगितलं ते वकिलांना सांगा आणि तिथेच थांबा. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याबद्दल एक शब्दही नको. आणि भावाचे किंवा तुमचे कुठलेही चॅट, कॉल, फोटो पुसू नका. भीतीपोटी लोक पहिल्यांदा तेच करतात. पुरावा नष्ट करणं हा गुन्हा तर आहेच, पण कित्येकदा त्या पुसलेल्या चॅटमध्येच “मला काही माहीत नव्हतं” याचा आधार असतो.

शिक्षेबद्दल तुम्हाला दोन आकडे ऐकायला मिळाले आणि दोन्ही खरे आहेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यानंतर घडलेल्या गुन्ह्यांना हीच कलमं लागतात. जुन्या दंडसंहितेतली 392, 394, 397 ही कलमं लोकांच्या तोंडी अजून आहेत म्हणून गोंधळ होतो. मालकाच्या संमतीशिवाय वस्तू नेली की चोरी. झटकन हिसकावून नेली तर कलम 304, त्याला तीन वर्षांपर्यंत. चोरीसाठी, चोरी करताना किंवा माल नेताना कोणाला मारलं, अडवलं, किंवा तत्काळ इजेची भीती घातली की ती जबरी चोरी होते, तिथे कलम 309 लागतं. त्याची साधी शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात महामार्गावर केली तर चौदा वर्षांपर्यंत. नुसता प्रयत्न असेल तर सात. आणि जबरी चोरीत प्रत्यक्ष दुखापत केली तर 309(6), जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तुमच्या कागदावर हे शेवटचं आहे. वर्तमानपत्रं सरसकट दरोडा म्हणतात, पण कायद्याने दरोडा व्हायला पाच किंवा जास्त माणसं लागतात. तुमच्या फिर्यादीत तीन आहेत. पुढच्या कुठल्या पुरवणी जबाबात ते तीनाचे पाच होत नाहीत ना, यावर वकिलांचं लक्ष हवं, कारण कलम 310 च्या दरोड्यात कोणाला साधं खरचटलं नसलं तरी जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

309(6) बद्दल एक गोष्ट तुम्हाला स्पष्ट सांगायला हवी. चाकू मित्राने चालवला म्हणून भाऊ आपोआप त्यातून बाहेर पडत नाही. ज्याने दुखापत केली तो, आणि त्या जबरी चोरीत त्याच्यासोबत सामील असलेला दुसरा कोणीही, अशी त्या कलमाची भाषा आहे. म्हणजे सगळा खटला “सामील” या मुद्द्यावर उभा आहे, आणि म्हणूनच वर मी त्या खऱ्या बचावावर एवढा वेळ घालवला.

कलम 311 मात्र वेगळं आहे. जबरी चोरीच्या वेळी प्राणघातक शस्त्र वापरलं किंवा गंभीर दुखापत केली तर सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा देताच येत नाही असं ते म्हणतं. पण ते ज्याने शस्त्र वापरलं त्यालाच लागतं, सोबत असलेल्याला नाही. जुन्या कलम 397 बद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1975 सालच्या फूलकुमार खटल्यात हे सांगितलं आणि नंतरही अनेकदा तेच धरलं. नव्या कलमाचे शब्दही तेच आहेत. त्यामुळे दोषारोपपत्रात (तपास संपल्यावर पोलीस कोर्टात देतात ती चार्जशीट) भावाच्या नावासमोर 311 घातलं असेल तर वकिलांनी आरोप निश्चितीच्या वेळीच, म्हणजे कोणत्या कलमांखाली खटला चालायचा हे न्यायालय ठरवतं तेव्हाच, हरकत घ्यायला हवी. याचा व्यवहारात मोठा फरक पडतो. 311 आलं की खटला सत्र न्यायालयात जातो. नुसतं 309(6) असेल तर तो प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालू शकतो, आणि त्यांना स्वतःच्या अधिकारात तीन वर्षांपर्यंतचीच शिक्षा देता येते. जास्त शिक्षा हवी असं त्यांना वाटलं तर प्रकरण वर पाठवावं लागतं. जन्मठेप हा शब्द कागदावर आहे, तो नाकारता येत नाही. पण पहिल्या गुन्ह्यातल्या, शस्त्र हाती न घेतलेल्या मुलाला तीच मिळणार असं समजून रात्री जागून काढू नका.

फिर्यादीची जखम साधी की गंभीर, हे डॉक्टरांच्या दुखापत प्रमाणपत्रावरून ठरतं. टाके पडले म्हणजे ती कायद्याने गंभीर झालीच असं नाही. हाड मोडणं, अवयव कायमचा निकामी होणं, पंधरा दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं करता न येणं अशा ठरावीक गोष्टी त्यात लागतात. ते प्रमाणपत्र दोषारोपपत्रासोबत मिळेल.

ओळख परेडकडे, म्हणजे इतर माणसांसोबत उभं करून फिर्यादीला आरोपी ओळखायला लावतात त्याकडे, दुर्लक्ष करू नका. फिर्यादी भावाला आधी ओळखत नव्हता, त्यामुळे कोणी काय केलं हे तो परेडमध्ये आणि नंतर कोर्टात सांगणार. गाडी चालवणारा म्हणून ओळखला जाणं आणि चाकूवाला म्हणून ओळखला जाणं यात कित्येक वर्षांचं अंतर आहे. अंधार होता, झटापट झाली, माणूस घाबरलेला होता; अशा वेळी चेहऱ्यांची अदलाबदल होते, आणि त्यात फिर्यादीची लबाडी असायची गरज नाही. परेडपूर्वी फिर्यादीला भावाचा फोटो दाखवला, किंवा पोलीस ठाण्यात दोघांना समोरासमोर आणलं, तर त्या ओळखीला फारसा अर्थ उरत नाही. तसं झालं असेल तर भावाने पुढच्या तारखेला न्यायाधीशांना ते तोंडी सांगावं आणि वकिलांनी लेखी द्यावं. तुमच्याकडून एकच: भावाचा फोटो कुठल्याही ग्रुपवर, बातमीखाली, कोणाच्या स्टेटसवर जाऊ देऊ नका.

पोलिसांपुढे तो काही कबूल करून बसला असेल, या भीतीने घरचे खचतात. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून वापरता येत नाही. मित्राने पोलिसांना “हा पण होता” सांगितलं असेल तर तेही भावाविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. अपवाद एवढाच, की आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू मिळाली तर त्या वस्तूपुरतं त्याचं बोलणं वापरता येतं. म्हणून निवेदन पंचनामा (आरोपीच्या अशा सांगण्याची पंचांसमोर केलेली नोंद) आणि जप्तीचा पंचनामा नीट वाचायचे: पंच कोण, वेळ काय, जागा सगळ्यांसाठी उघडी होती का, आणि चित्रीकरण झालं का. तपास आणि खटल्याच्या कामकाजाचा नवा कायदा म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता; तिने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक केलं आहे. भावाकडून काहीच मिळालं नाही, ही त्याच्या बाजूची फार मोलाची गोष्ट आहे.

अटकेच्या वेळच्या कागदांकडेही बघा. अटकेची कारणं त्याला समजेल अशा भाषेत लेखी दिली होती का, घरच्यांना कळवलं होतं का, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे नेलं होतं का, वैद्यकीय तपासणी झाली का. यातलं काही राहिलं असेल तर ते जामिनाच्या वेळी उपयोगी पडतं. आणि पोलीस कोठडी चार दिवसांत संपली असली तरी ती पुन्हा मागितली जाऊ शकते. नव्या कायद्यात एकूण पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनी, तपासाच्या पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत, घेता येतात. तिसरा मुलगा सापडला की ही मागणी येण्याचा संभव जास्त आहे, तेव्हा वकील त्या दिवशी हजर असायलाच हवेत.

आता वकील. मित्राच्या घरच्यांनी दिलेला वकील भावासाठी घेऊ नका. तो कितीही चांगला असू दे. तुमच्या भावाचा बचाव “हे सगळं मित्राने केलं, मला ठाऊक नव्हतं” असा आहे, आणि मित्राचा फायदा तुमच्या भावाला आपल्यासोबत बांधून घेण्यात आहे. एकच माणूस या दोघांसाठी बोलू लागला की कोणाचा तरी बचाव दबणार, आणि बहुतेक वेळा ज्याने फी दिली नाही त्याचा दबतो. तुमच्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत आधी करायची आहे. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच तसं आहे. बऱ्याच जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील फक्त अशाच फौजदारी केस चालवतात. जेलमधूनही अर्ज करता येतो, आणि 15100 या हेल्पलाइनवर माहिती मिळते. मोफत म्हणजे हलका वकील, असं मनात आणू नका.

जामिनाचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फेटाळला गेला तर घाबरू नका. जन्मठेपेचं कलम असताना त्यांचे हात बऱ्यापैकी बांधलेले असतात. खरा प्रयत्न सत्र न्यायालयात आणि गरज पडली तर उच्च न्यायालयात होतो. तिथे बघितलं जातं ते असं: त्याची नेमकी भूमिका काय, त्याच्याकडून काय जप्त झालं, आधीचे गुन्हे आहेत का, कायमचा पत्ता आणि काम आहे का, तो साक्षीदारांना त्रास देईल का, पळून जाईल का. कंपनीचं ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, घराचे कागद, शिक्षणाचे दाखले आताच गोळा करून ठेवा. जामीनदार कोण राहील तेही ठरवा. ऐनवेळी जामीनदाराचे कागद अपुरे पडले म्हणून आदेश हातात असूनही पोरं आठवडाभर आत राहतात.

याशिवाय एक हक्क दिवस मोजून मिळतो. पोलिसांनी ठरावीक मुदतीत दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क तयार होतो, मग केस कितीही गंभीर असो. पहिल्या रिमांडच्या, म्हणजे न्यायाधीशांनी पहिल्यांदा कोठडी दिली त्या तारखेपासून मोजायचं. 309(6) मध्ये जन्मठेप आहे, म्हणून नव्वद दिवस धरा. पण मुदत संपली की कोणी आपणहून सोडत नाही. अर्ज करावा लागतो, आणि तो दोषारोपपत्र येण्याआधी केलेला असावा लागतो. एक दिवस उशीर झाला, दरम्यान दोषारोपपत्र दाखल झालं, की हक्क गेला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनाने लिहून ठेवा आणि आठवडाभर आधी वकिलांना आठवण करा.

काकांना सांगा, फिर्यादीच्या वाटेला जाऊ नका. हा गुन्हा आपसांत मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. फिर्यादी उद्या तक्रार मागे घ्यायला तयार झाला तरी केस बंद होत नाही, कारण ती सरकारने चालवलेली असते. परस्पर संमतीने गुन्हा रद्द करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे, पण समाजाविरुद्धच्या गंभीर गुन्ह्यांत तो वापरू नये असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या ग्यान सिंग निकालात सांगितलं आहे, आणि चाकूने जखमी केलेल्या प्रकरणात तो मिळण्याची आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. उलट काका त्या माणसाच्या दारात गेले तर ते साक्षीदारावर दबाव म्हणून नोंदलं जाईल आणि भावाच्या जामिनावर पहिला घाव बसेल. पोलिसांना किंवा आणखी कोणाला पैसे देऊन कलम कमी करून घेण्याची भाषा कोणी केली तर तिथून उठून या. लाच देणाराही गुन्हेगार ठरतो.

त्या जखमी माणसाचा विचार तुमच्या मनात नक्की आला असेल. त्याचं काहीही चुकलेलं नसताना त्याच्या हातावर वार झाला, आणि त्याच्याबद्दल वाईट वाटणं म्हणजे भावाशी बेइमानी नव्हे. त्याला भरपाई मिळण्यासाठी कायद्यात वेगळी योजना आहे, न्यायालय आरोपीकडूनही ती द्यायला लावू शकतं. तुमच्या कुटुंबाला आपणहून काही द्यायचं असेल तर ते पुढे, वकिलांमार्फत, न्यायालयासमोर. आता नाही, आणि परस्पर तर अजिबात नाही.

“कबूल कर, सोडून देतात” हा सल्ला देणाऱ्याला कलम माहीत नाही. चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडण्याची सोय 1958 च्या कायद्यात आहे खरी, पण ज्या गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते त्याला ती लागू होत नाही. म्हणजे 309(6) मध्ये कबुली दिली तर ते दार बंदच. पुढे न्यायालयाने त्याचा सहभाग साध्या 309(4), म्हणजे दुखापतीशिवायच्या जबरी चोरीपुरता किंवा त्याहून कमी धरला, तर तेव्हा ते दार उघडू शकतं. शिक्षेबाबत वाटाघाटी करून गुन्हा मान्य करण्याची पद्धतही सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना चालत नाही. दोषारोपपत्र हातात येऊन वकिलांनी ते पूर्ण वाचेपर्यंत भावाने काहीही कबूल करू नये. स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 मध्ये आहे. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हेही त्याला समजावून सांगा, कारण सरळ मुलांना गप्प राहायचाच अपराधीपणा वाटतो.

गाडीसाठी वडिलांच्या नावाने कोर्टात अर्ज करा. मालकीचे कागद दाखवले की बहुधा हमीपत्र आणि अटींवर ती परत मिळते. पोलीस ठाण्याच्या आवारात ती पावसात गंजत ठेवण्याची गरज नाही. पण परत मिळाल्यावर विकू नका, रंग बदलू नका. खटल्यात ती पुन्हा हजर करावी लागू शकते.

कंपनीला खोटं आजारपण कळवू नका. कौटुंबिक कारणामुळे तो काही दिवस येऊ शकणार नाही एवढंच लिहा, आणि पुढचं वकिलांना विचारून. अटक म्हणजे दोषी ठरणं नव्हे, पण खासगी मालक काय ठरवेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

आईला पूर्ण सांगा, ताई. ती कधीतरी शेजारून ऐकेल, आणि तेव्हा तुमच्यावरचा तिचा विश्वासही जाईल. तिच्या डॉक्टरांना आधी विचारा, दिवसाच्या वेळी सांगा, सोबत कोणीतरी असू द्या, आणि पुढची तारीख कधी आहे, वकील कोण आहे, हेही त्याच बैठकीत सांगा, म्हणजे तिला नुसती भीती हातात मिळणार नाही.

जेलमध्ये भावाला भेटायला जाल तेव्हा आजूबाजूला माणसं असतात आणि बोलणं ऐकलं जातं. त्या रात्रीबद्दल एक अक्षरही बोलू नका, त्याने विषय काढला तरी थांबवा. त्याला चारच गोष्टी सांगा: तुझा वकील वेगळा केलाय आणि तो अमुक दिवशी तुला भेटायला येतोय, मित्राबरोबर आत बसून कुठलीही गोष्ट ठरवू नकोस, कोणी दिलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नकोस, आणि त्रास झाला, मारहाण झाली, तर पुढच्या तारखेला न्यायाधीशांना स्वतःच्या तोंडाने सांग. उरलेल्या वेळात आई कशी आहे ते सांगा.

तुमची,
सल्ला सदराची वकील